तळ्यापलीकडे भिंगरी

पडदे शिवायच्या कारखान्यात तिला सगळे मापताई म्हणत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःच मशीनवर बसायचं, हे तिचं काम. गळ्यात टेप अडकवलेली असायचीच. कधीकधी ती तशीच घालून बाजारात जायची आणि भाजीवाला हसला की मग तिच्या लक्षात यायचं. बोलण्यात तिचा हात कोणी धरला नसता. दोन कापडांमध्ये घुटमळणाऱ्या गिऱ्हाईक बाईला ती गप्पा मारत मारत अशी वळवायची, की त्या बाईला वाटावं निर्णय आपलाच. मालक म्हणायचे, "हिला नुसत्या भिंतीसमोर उभी करा, भिंतसुद्धा दोन पडदे घेईल."

अशा बाईची एकुलती एक मुलगी जन्मापासून बहिरी निघाली.

मुलीचं नाव घरात भिंगरी पडलं होतं, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरलीच नाही. ती जेमतेम वर्षाची असताना डॉक्टरांनी सांगितलं, आणि मापताईने पदर खोचला. कानाची मशीन आणली. बोलायला शिकवणाऱ्या बाई शोधल्या. त्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हातांच्या खुणा शिकवू नका हं, मग मूल तोंड उघडत नाही." मापताईने ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. रोज संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर मायलेकी बसायच्या. मुलीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून मापताई एकेक अक्षर म्हणायची, मग स्वतःचा हात मुलीच्या गळ्यावर. वर्षानुवर्षं. भिंगरीला काही शब्द आले. पण एकदा बसमध्ये तिने मोठ्याने "आई, उतरू" म्हटलं आणि मागच्या बाकावरची दोन पोरं खिदळली. ती तिला ऐकू आली नाहीत, पण दिसली. त्यानंतर चारचौघांत तिने तोंडाला कुलूप लावलं.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून काम करणारा हा माणूस घरी मात्र कमालीचा निवांत. तो सुट्टीच्या दिवशी मुलीच्या शाळेतल्या पालकांसाठीच्या वर्गाला जाऊन बसला आणि खुणांची भाषा शिकून आला. बापलेक जेवताना हातवारे करून हसत बसायचे. मापताई म्हणायची, "हात जेवायला ठेवा जरा." तिला त्यांचं निम्मंसुद्धा कळायचं नाही, आणि कळत नाही हे ती कबूलही करायची नाही.

भिंगरी तेरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात बापाने टुमणं लावलं, की डोंगरात वर एक तळं आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, एक दिवस तिघं जाऊ. मायलेकींत तेव्हा रोज खडाजंगी चालली होती. भिंगरी मशीन कानात घालेना. मापताई घालायला लावी, ती शाळेच्या फाटकाशी काढून खिशात टाकी. बापाला वाटलं, मोकळ्या हवेत दोघींचं जरा बरं होईल.

शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरून ते चढायला लागले. आधी सुयांसारख्या पानांच्या उंच झाडांचं रान, मग खुरटी झुडपं, मग नुसते दगड आणि गवत. वाटेत दगडांवर रंगाचे पट्टे मारलेले होते, ते बघत जायचं. भिंगरी सगळ्यांच्या पुढे. पाठीवरच्या पिशवीला तिने पिवळा रेनकोट बांधला होता, तो लांबूनही दिसायचा. रानाच्या टोकाला लाकडी निवारा होता. तिथला रखवालदार पायरीवर बसून बूट घासत होता. तो म्हणाला, "दुपारनंतर धुकं उतरतं. तळं बघा आणि फिरा मागे. बसू नका फार."

बापाने मान डोलावली. माणूस निवांत होता, म्हणून त्याने ते तितपतच मनावर घेतलं.

तळं मात्र खरंच बघण्यासारखं होतं. तिन्ही बाजूंनी कातळ, मधे काळंनिळं पाणी. पलीकडच्या काठाला उन्हाळ्यातही न वितळलेल्या बर्फाचा पट्टा वरच्या कड्यापासून थेट पाण्यात उतरलेला. अलीकडे लोक बसले होते, कोणी पाय बुडवून लगेच किंचाळत बाहेर काढत होतं. यांनी पाव आणि उकडलेली अंडी काढली. भिंगरी नुसतं अंडं तोंडात कोंबून उभी राहिली आणि बापाला हातांनी काहीतरी विचारू लागली.

"तोंडाने विचार," मापताई म्हणाली.

भिंगरीने तिच्याकडे पाहिलंच नाही. बाप म्हणाला, "अगं, पलीकडे जाऊन येऊ का म्हणतेय."

"मला कळतंय काय ते. तिने तोंडाने विचारावं. आणि मशीन कुठेय? घाल आधी."

भिंगरीने खिशातून मशीन काढून कानात घातली. वरच्या वाऱ्यात मशीन शीळ घालायला लागली. बसलेल्या दोन-चार लोकांनी वळून पाहिलं. भिंगरीचं तोंड कसनुसं झालं, तिने ती उपसून काढली. मापताईने तिचं मनगट धरलं. "घाल म्हटलं ना! आणि बोल! येतं तुला बोलायला, मग मुक्यासारखी काय करतेस?"

हे शब्द भिंगरीने तिच्या ओठांवर वाचले. मग तिने आईची मूठ उघडली, दोन्ही कानांच्या मशीन तिच्या तळव्यावर ठेवल्या, बोटं मिटवून दिली, आणि पाठीवर पिशवी टाकून काठाकाठाने चालायला लागली.

"जाऊ दे," बाप म्हणाला. "राग उतरला की येईल."

"तुम्हीच लाडावून ठेवलीय," मापताई म्हणाली, आणि दोघं तोंड फिरवून बसले. नवराबायको तोंड फिरवून बसतात तेव्हा मुलाकडे कोणाचंच तोंड राहत नाही, तसं झालं.

धुकं आलं ते वरून नाही, खालून. दरीतून धूर निघावा तसं वर चढलं आणि बघता बघता तळं गेलं, कातळ गेला, शेजारच्या लोकांचे नुसते आवाज राहिले. लोक भराभर आवरून खाली निघाले. जाता जाता एकजण म्हणाला, "तुम्ही पण निघा." मापताई म्हणाली, "आमची मुलगी आहे पलीकडे." तो म्हणाला, "हाक मारा ना मग."

हाक मारा. मापताईच्या मुठीत अजून त्या दोन मशीन होत्या.

तरी तिने हाका मारल्या. माणसाला दुसरं काही सुचत नाही. ती भिंगरीचं पाळण्यातलं नाव घेऊन ओरडली, भिंगरी म्हणून ओरडली, नुसतीच ओरडली. कातळावरून हाका परत आल्या आणि तिच्याच अंगावर पडल्या. बापाने मोबाइल काढला, रेंजचा पत्ता नव्हता. त्याने विजेरी पेटवून हलवली, धुक्यात ती चार हातांवर विझल्यासारखी व्हायची. तो निवांत माणूस पहिल्यांदा तिला घाबरलेला दिसला, आणि ते बघून ती जास्त घाबरली.

मग वारा सुटला. धुक्याला मधेच भोक पडलं आणि पलीकडचा काठ दिसला. बर्फाच्या पट्ट्याच्या पार दुसऱ्या अंगाला, एका खडकावर भिंगरी उभी होती. ती तळ्याला लांबच्या बाजूने वळसा घालून गेली होती, आणि आता बर्फावरून सरळ आडवी येऊन वाट वाचवायचा तिचा बेत होता. एक पाय तिने बर्फावर टाकलाही होता. बर्फ घसरगुंडीसारखा खाली पाण्यापर्यंत.

"नको!" मापताई किंचाळली. आणि मग तिला कळलं, की आपल्या तोंडाचा आज काडीचा उपयोग नाही.

तिने दोन्ही हात वर करून हलवले. भिंगरीची मान वर झाली. पण हात हलवणं म्हणजे 'ये' सुद्धा होतं. मापताईला थांब कसं म्हणायचं ते माहीत नव्हतं. "अहो, थांबची खूण काय? सांगा लवकर!" नवऱ्याने करून दाखवली, एका तळव्यावर दुसऱ्या हाताची कड. एवढ्या लांबून ती बोटाएवढी बारीक खूण कोणाला दिसणार? तेव्हा मापताई धाडकन खाली बसली. उठली, पुन्हा बसली. हातांनी जमीन थोपटली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. गुडघे दगडांवर आपटत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईला वेड लागलं.

भिंगरी बघत राहिली. मग तिने बर्फावरचा पाय मागे घेतला आणि खडकावर बसली.

"बसवून ठेव तिला," बाप म्हणाला. "मी वरच्या दगडांवरून वळसा घालून पोचतो. तू हलू नकोस, तुझ्याकडे बघत राहिली तर ती बसेल." आणि तो गेला.

मापताई पाण्याच्या कडेला मुलीसमोर बसली. मधे गार काळं पाणी. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या बाईला आता नुसत्या अंगाने बोलायचं होतं. बाबा येतोय हे सांगायला तिने नवऱ्याची ढेरी दाखवली आणि चालून दाखवलं. पलीकडे भिंगरीचे खांदे हलले, ती हसली असावी. थंडी वाजते का विचारायला तिने स्वतःला कवटाळलं. भिंगरीनेही कवटाळलं. मग काय सांगायचं? तिने मशीनवर पडदा शिवून दाखवला. पोळपाट-लाटणं करून दाखवलं. माफ कर कसं म्हणतात ते तिला येत नव्हतं. तिने कान पकडले. ते भिंगरीला दिसलं की नाही, तिला कळलं नाही, कारण तेवढ्यात धुकं पुन्हा मिटलं.

आता ती पांढऱ्या भिंतीसमोर बसून होती. तरी ती जमीन थोपटत राहिली. बस, बस, बस. मनात येत होतं, मी दिसत नाही म्हटल्यावर ती का बसेल? तिचे दात वाजायला लागले. वरून कुठूनतरी दगड गडगडत गेल्याचा आवाज आला आणि पाण्यात डुबुक झालं. तिने कान दिला. पुन्हा काही नाही.

बऱ्याच वेळाने वाऱ्याने एकदा फट पाडली. खडक दिसला. खडकावर कोणी नव्हतं.

मग ती थांबली नाही. काठाकाठाने, जवळच्या बाजूने, हातांपायांवर, घसरत, सोलपटत ती बर्फाच्या पट्ट्यापर्यंत गेली. धुक्यातून समोर माणूस आला. नवरा. एकटाच.

"तुमच्याबरोबर नाही?" ती म्हणाली.

"मी खडकावर जाऊन आलो. वर बर्फ ओलांडून इकडे उतरलो. मला वाटलं, तुझ्याकडे आली."

मग त्याची नजर बर्फावर गेली. खडकाच्या बाजूने निघालेला एक ताजा, गुळगुळीत चर बर्फातून खाली उतरत थेट पाण्यात गेला होता. आणि पाण्यात, काठापासून थोडं आत, काहीतरी पिवळं तरंगत होतं.

रेनकोट पिशवीला बांधलेला असतो, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही. काहीच आठवलं नाही. ती पाण्यात शिरली. पाणी गुडघ्यांना लागलं तेव्हा कोणी हाडं कापतंय असं वाटलं, कमरेला लागलं तेव्हा श्वासच बंद झाला. तिला पोहता येत नव्हतं. पायाखालचा दगड निसटला आणि ती गळ्यापर्यंत गेली. मागून नवऱ्याने तिची ओढणी धरली, मग दंड धरला, तो ओरडत होता, ती त्याला ओरबाडत होती. "सोडा! सोडा मला! ती आहे तिथे!"

तेव्हा त्यांच्या शेजारी पाण्यात एक खडा पडला. मग दुसरा. तिसरा नवऱ्याच्या खांद्याला लागला.

त्याने वर पाहिलं. खडकाच्या बऱ्याच वर, कातळाच्या फटीत, भिंगरी अंग चोरून बसली होती आणि हाताला येईल तो दगड उचलून त्यांच्या दिशेने फेकत होती. तिचं तोंड उघडं होतं. ती ओरडतही असेल, पण वाऱ्यात आणि त्या आरडाओरड्यात तिच्या आईला काही ऐकू आलं नाही.

बापाने आधी बायकोला ओढून बाहेर काढलं आणि मग वर चढून लेकीला हात देत खाली आणलं. मापताईने तिला धरलं ते सोडेचना. भिंगरीनेच तिला ढकलून लांब केलं आणि रागारागाने हात चालवायला लागली.

"काय म्हणतेय?" मापताईने विचारलं. ओठ नीट हलत नव्हते.

बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हणतेय, तुला पोहता येत नाही, मग पाण्यात कशाला गेलीस?"

"खडकावरून का उठली विचारा तिला."

"तू दिसत नव्हतीस म्हणे. मग बर्फावरून जाता येईल का बघायला तिने आधी पिशवी सोडून पाहिली. ती सुसाट खाली गेली. मग घाबरली. वरून दगड पडायला लागले, म्हणून फटीत जाऊन बसली." त्याने डोळे पुसले. "मी खडकावर आलो होतो तेव्हा ती माझ्या डोक्यावरच होती. धुक्यात दोघांनाही दिसलं नाही."

इथे सगळं संपलं असतं तर बरं होतं. पण उतरायला लागल्यावर मापताईचं लक्षण ठीक दिसेना. नवऱ्याने तिचे ओले कपडे काढून स्वतःचा सदरा आणि लेकीचा स्वेटर तिला चढवला होता. तरी आधी ती हुडहुडत होती, आणि मग अचानक हुडहुडायची थांबली. तिला बरं वाटायला लागलं. ती म्हणाली, "मी इथे जरा टेकते. तुम्ही व्हा पुढे." शब्द जिभेवर जड झाले होते, दारू प्यायल्यासारखे. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. "टेकायचं नाही! चल!"

त्याने तिला एका बाजूने धरलं, भिंगरीने दुसऱ्या बाजूने. ती डोळे मिटायला लागली की भिंगरी तिच्या गालावर चापट मारायची. मग भिंगरीने दुसरीच युक्ती काढली. ती आईसमोर उलटी चालायला लागली आणि एकेक खूण करून दाखवायला लागली. दगड. पाणी. चाल. बाबा. आणि आईकडे बोट दाखवायची, तू कर. मापताईची बोटं लाकडासारखी झाली होती. ती चुकली की भिंगरी मान हलवायची आणि स्वतःच्या हातांनी तिची बोटं वळवायची. पुन्हा. झोपायचं नाही. पुन्हा. बाप सांगतो, त्या वाटेवर आपली लेक अगदी हुबेहूब तिच्या आईसारखी दिसत होती, आरशासमोर बसायची तशी, तितकीच हट्टी आणि निर्दयी.

रंगाच्या पट्ट्यांची वाट दोनदा हरवली. उजेड कमी होत चालला होता. शेवटी झाडं लागली आणि निवाऱ्याचा धूर नाकाला आला, तेव्हा मापताई आपल्या पायांनी चालत नव्हती. रखवालदाराने दार उघडलं, काही न विचारता तिला उचलून शेगडीजवळ नेलं, घोंगड्यांत गुंडाळलं. त्याने फक्त एकदा बापाकडे पाहिलं. बापाने मान खाली घातली.

मापताई वाचली. ताप आणि छातीत कफ, बरेच दिवस अंथरुणात गेले. उजव्या पायाच्या नडगीवर पाण्यातल्या दगडाने फाटलेली जखम चिघळली, ती भरायला हिवाळा उजाडला. कारखान्यातल्या बायका बघायला आल्या, तेव्हा ती नेहमीसारखी पुष्कळ बोलली, पण तळ्याबद्दल नाही.

सुट्टीच्या दिवशी ती आता पालकांच्या वर्गाला जाते. तिला ते चटकन जमत नाही. वय झालं, आणि हातांना सवय कात्रीची. ती 'भूक' म्हणायला जाते आणि भलतंच काही होतं, बापलेक हसून लोळतात, ती चिडते. मशीनचा वाद संपला असंही नाही. भिंगरी ती शाळेत घालत नाही. मापताईला ते अजून खुपतं, आणि एखाद्या दिवशी खटका उडतोच. आता निम्मा तोंडाने उडतो, निम्मा हातांनी.

एकदा दुपारी नवरा कामावर असताना ती घरी शिवत बसली होती आणि भिंगरी जमिनीवर अभ्यास करत होती. मापताईने पाय उचलून शिलाई मशीन थांबवली. तिने खूप दिवस मनात घोळवलेला प्रश्न हातांनी जुळवला. तू, तळं, मुद्दाम, लांब, गेलीस?

भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. मग मान डोलावली, हो. आणि हातांनी आणखी काहीतरी म्हणाली.

मापताईला ते कळलं नाही. कळल्यासारखं वाटलं, पण खात्री नव्हती. पूर्वी असतं तर तिने मान डोलावून मशीन चालू केली असती. आज तिने हात पुढे केला आणि बोट फिरवून दाखवलं, पुन्हा.

भिंगरीने पुन्हा केलं, सावकाश. आधी, हो. धुकं आलं, मग नाही.

"पुन्हा," मापताई म्हणाली, या वेळी तोंडाने, आणि शिवणातलं कापड बाजूला सारून ती लेकीसमोर जमिनीवर येऊन बसली.